टोपीला झोळ कसा पाडावा

टोपी घालणे, टोपी फिरवणे आणि टोपी उडवणे या तिन्ही कलांत आमचा बारामती-इंदापूरचा पट्टा स्वयंपूर्ण आहे. निवडणुकीच्या तोंडावर तर बाहेरगावी निर्यात करता येईल एवढं कसब इथे असतं. टोपी विणणे ही चौथी कला मात्र मागे पडली, आणि तीतही झोळदार टोपीचा विषय शेळगावात माझ्याआधी कुणी हाताळल्याचं ऐकिवात नाही. म्हणून चार टोप्यांच्या अनुभवावर (पैकी तीन फसलेल्या) हे मार्गदर्शन करण्याचं धाडस करीत आहे.

आधी झोळदार टोपी म्हणजे काय ते समजून घ्यावं. पुण्याला शिकणाऱ्या माझ्या भाच्याने दिवाळीत मोबाइलवर फोटो दाखवला. फोटोतल्या पोराच्या कपाळावर टोपी घट्ट बसलेली, मागे मात्र बाजार करून रिकामी झालेली पिशवी लोंबावी तशी मानेवर पडलेली. भाचा म्हणाला, "आत्या, अशी पाहिजे. सैल दिसली पाहिजे, पण सैल नको." या एका वाक्यात सगळं शास्त्र आलं, हे मला तीन टोप्या फसल्यावर कळलं. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, चष्मा वर करून फोटो पाहिला आणि निकाल दिला, "ह्यात नवीन काय? धनगराची खोळ हाय ती." खरंच आहे. घोंगडं दुमडून डोक्यावर घेतलं की कपाळाशी आवळ, पाठीशी मोकळं, असाच घाट होतो. आबांचा निकाल मी त्या दिवशी मनावर घेतला नाही, हा माझा पहिला दोष.

साहित्य. लोकर घ्यावी. आषाढी वारीत तुकोबांची पालखी काटेवाडीला आली की तिच्याभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. म्हणजे लोकर आमच्या दारावरून चालत जाते. तरी ती लोकर टोपीला चालत नाही. दख्खनी मेंढीची लोकर राठ. घोंगड्याला उत्तम, कपाळाला खाजकुयली. तेव्हा दुकानातूनच गुंडे आणावेत. दुकानदार जिला लोकर म्हणतो तिची बहुधा मेंढीशी ओळखही नसते, ते अ‍ॅक्रिलिक असतं. वाईट वाटून घेऊ नये. धुवायला सोपं जातं. क्रोशाच्या सुया दोन लागतात, एक पाच मिलिमीटरची आणि एक चारची. एकीवर भागतं असं कुणी सांगितलं तर तिची टोपी बघायला मागावी.

सुरुवात चुंबळीपासून. लोकरीचा सैल फास करून त्यात 12 खांब घालायचे आणि शेपूट ओढायचं. मधलं भोक मिटतं. ज्यांना फास जमत नाही त्यांनी चार साखळ्यांचं कडं करावं. भोक राहील, पण टोपी हवेशीर आहे असं सांगता येतं, आणि आमच्याकडचा एप्रिल-मे पाहता कुणी हरकत घेणार नाही.

आता मुख्य प्रश्न : चकती सपाट कशी राहते? सासूबाईंनी आयुष्यभर टीव्हीवरचे रुमाल आणि माठावरची झाकणं विणली, एकही कधी वाकडं झालं नाही. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "हाताला कळतं." हे उत्तर पुढच्या पिढीला निरुपयोगी आहे. खरं कारण शाळेतल्या भूमितीत आहे. वर्तुळाची त्रिज्या एका मापाने वाढली की घेर त्याच्या सव्वासहा पट वाढतो. मुका खांब जवळपास जेवढा रुंद तेवढाच उंच, म्हणून मुक्या खांबाच्या प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवायचे. साधा खांब त्याच्या दुप्पट उंच, म्हणून बारा. फेऱ्यांचा हिशोब असा चालतो : 12, 24, 36, 48, 60. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन खांब, तिसरीत एकाआड एक टाक्यात दोन, चौथीत दोन सोडून तिसऱ्यात दोन, आणि असंच पुढे.

हे ज्यांच्या डोक्यात शिरत नसेल त्यांनी वारीत बेलवाडीला गोल रिंगण बघायला जावं. माणसं कडं करून उभी असतात. मागून लोक येत जातात तसं कडं मागे सरकून मोठं होतं आणि मधलं मैदान मोकळं राहतं. समजा कडं मोठं झालं आणि माणसं तेवढीच राहिली, तर हात ताणून ताणून सगळी आत ओढली जातील. आणि माणसं वाढली पण कडं तेवढंच राहिलं, तर एकमेकांच्या पायावर उभं राहावं लागेल. पहिल्या प्रकारात वाटी होते, दुसऱ्यात झालर. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

माझी पहिली टोपी वाटी झाली. तिसऱ्या फेरीनंतर मालिका बघत बसले, वाढ घालायची राहिली आणि 36 वरच फेऱ्या चालत राहिल्या. ती नारळावर अगदी बेतून केल्यासारखी बसली. दुसऱ्या वेळी कमतरता राहू नये म्हणून प्रत्येक फेरीत प्रत्येक टाक्यात दोन खांब घातले. सोसायटीचं कर्ज घेतलेल्यांना हा फरक चटकन कळेल : दर फेरीला 12 वाढणं हे सरळव्याज, दर फेरीला दुप्पट होणं हे चक्रवाढ. 12, 24, 48, 96, 192. पाचव्या फेरीला माझ्या हातात टोपी नव्हती, कोबीचा गड्डा होता, आणि दीड गुंडा संपला होता. पुढे कळलं की अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिना नावाच्या गणिताच्या बाईंनी 1997 साली असाच झालरदार पृष्ठभाग क्रोशाने मुद्दाम विणला, विद्यार्थ्यांना वेगळी भूमिती हाताने चाचपून कळावी म्हणून. त्यांची वाढ अर्थात हिशोबातली होती. ताइमिनाबाईंचं जगभर नाव झालं. माझं आळीपुरतंच झालं, आणि ते मी इथे लिहिणार नाही.

एक बारकावा. वाढ दर फेरीत त्याच जागी घालू नये. वाढीवर वाढ आली की गोल चकतीला कोपरे फुटतात. एका फेरीत पहिल्या टाक्यात वाढवलं तर पुढच्या फेरीत दोन टाके सरकून वाढवावं. आमच्याकडे उसाला पाणी देताना एकाच ठिकाणी दार फोडत राहिलं तर बांध तिथेच खचतो, तसंच हे.

चकती किती मोठी करायची, इथे बहुतेकींची टोपी हातची जाते. मोठ्या माणसाचं डोकं साधारण 56 सेंटीमीटर घेराचं धरलं, तर साध्या कानटोपीची चकती 18 सेंटीमीटर व्यासाची झाली की वाढ थांबवतात. झोळदार टोपीला थांबायचं नाही. माझ्या हाताने आठव्या फेरीला 96 खांब झाले आणि चकती 24 सेंटीमीटरची भरली. मग न वाढवता सहा फेऱ्या सरळ खाली. या टप्प्यावर हातात जे दिसतं त्याने घाबरू नये. ते घमेल्यासारखंच दिसतं.

माझी तिसरी टोपी याच टप्प्यावर मेली. मला वाटलं, टोपी सैल हवी, मग सगळीकडेच सैल असू दे. त्याच सुईने तशीच कड संपवली. भाच्याच्या डोक्यावर ठेवली तर नाकापर्यंत आली. आबांनी ती आत-बाहेर करून पाहिली, "पोतं झ्याक झालंय, पण तोंड शिवायचं ऱ्हायलं," म्हणाले आणि लसणाच्या गड्ड्या भरून खुंटीला टांगली. अजून तिथेच आहे.

तेव्हा नीट ऐका : झोळ वरच्या सैलपणाने पडत नाही, खालच्या घट्ट पट्टीने पडतो. खाली आवळ असेल तरच वरचा जास्तीचा कपडा मागे कलतो, नाहीतर सगळं मिळून डोळ्यांवर येतं. यासाठी एकाच फेरीत 96 चे 72 करायचे : दोन खांब साधे, पुढचे दोन एकत्र, पुन्हा दोन साधे. हळूहळू कमी केलं तर टोपीचा घंटेसारखा आकार होतो, म्हणून एका फटक्यात उरकावं. मग सुई बदलून चारची घ्यायची आणि तीन फेऱ्यांची पट्टी घालायची. टाक्याच्या डोक्यात सुई न घालता खालच्या खांबाच्या कमरेतून घालायची, एकदा पुढून, एकदा मागून. रबरासारखी ताणणारी पट्टी होते. पट्टीचा घेर डोक्यापेक्षा तीन-चार सेंटीमीटर कमीच हवा. माझी 52 भरली. धुतल्यावर टोपी दोरीवर टांगू नये, टॉवेलवर पसरून वाळवावी; ओल्या वजनाने झोळ गुडघ्यापर्यंत गेल्यास जबाबदारी आपली.

चौथी टोपी भाच्याला कधीच मिळाली नाही. ती पूर्ण झाली त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती आणि आबा उसाची दारं धरायला निघाले होते. जानेवारीची रात्र, पाटाच्या पाण्यात पाय, वरून वारं. गांधी टोपी खिशात कोंबून त्यांनी माझी टोपी चढवली. सकाळी आले ते ती घालूनच चहाला बसले. झोळात त्यांची चुन्याची डबी, बटनाचा मोबाइल आणि निमगाव केतकीची दोन पानं होती. भाच्याच्या फोटोतल्या पोरापेक्षा झोळ चांगला पडला होता, कारण त्यात वजन होतं.

भाच्यासाठी आता पाचवी सुरू आहे, चौथ्या फेरीत 48 वर अडली आहे. पाचची सुई आबांनी ठिबकच्या नळीतला कचरा उकरायला म्हणून नेली, ती रानातच कुठेतरी पडली. शेळगाव, अंथुर्णे किंवा जंक्शनच्या बाजूला कुणाकडे जास्तीची असेल तर कृपया निरोप पाठवावा. चारची चालणार नाही.