गॅरेजातला पीळ

घरात विमान बांधणाऱ्या माणसाच्या बायकोला भेटेल तो एकच विचारतो, "उडेल का हो ते?" मला ही शंका कधीच आली नाही. १८० हॉर्सपॉवरचं इंजिन, पुढे पंखा आणि दोन्ही अंगांना बरे पंख असले की वस्तू उडतेच. माझी शंका त्यापुढची आहे. उडाल्यावर ते सगळं एकत्र राहील का?

नवऱ्यालाही हीच शंका आहे, पण तो ती बोलून दाखवत नाही. तारेत गुंडाळून ठेवतो.

आम्ही ओहायोत, डेटनजवळ राहतो. राइट बंधूंचं गाव, त्यामुळे इथे विमानाचं वेड लागलेल्या माणसाला कोणी डॉक्टरकडे नेत नाही. अमेरिकेत घरी विमान बांधणं हा राजरोस छंद आहे. निम्म्याहून जास्त काम तुम्ही स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी केलेलं असलं की सरकारची हरकत नसते. ओरेगॉनहून 'आरव्ही-७' या दोन आसनी विमानाचे खोके आले आणि तेव्हापासून आमच्या दोन्ही गाड्या बर्फात उभ्या असतात.

सुट्या होणाऱ्या नटांचं दुखणं विमानाइतकंच जुनं आहे. १९०३च्या नोव्हेंबरात किटी हॉकला राइट बंधूंचं विमान जवळजवळ तयार होतं. पण इंजिन सुरू केलं की पंख्यांच्या दांड्यांवरची चेनची चक्रं ढिली पडायची. नट आवळावेत, इंजिन चालवावं, पुन्हा ढिले. शेवटी सायकलच्या रिमवर टायर चिकटवायचं सिमेंट त्यांनी वितळवून आट्यांमध्ये सोडलं, तेव्हा ती चक्रं गप्प बसली. थोडक्यात, मानवजातीच्या पहिल्या भरारीत सायकलवाल्याच्या डब्याचाही वाटा आहे. एवढा मोठा इतिहास घराजवळ असताना आमच्याकडे मात्र तो डबा चालत नाही. आमच्याकडे लॉकवायर लागते.

लॉकवायर म्हणजे स्टेनलेस स्टीलची बारीक तार. सगळ्यात जास्त खपणारी ०.०३२ इंच जाडीची, म्हणजे मिलिमीटरलाही थोडी कमी. बोल्टच्या डोक्याला आरपार भोक असतं. त्यातून तार ओवायची, दोन्ही टोकांना पीळ देत शेजारच्या बोल्टपर्यंत न्यायची, त्याच्या भोकातून काढायची, पुन्हा पीळ द्यायचा आणि उरलेलं शेपूट कापून आत वळवायचं. इंचाला सहा ते आठ पीळ. शेपूट पाव ते अर्धा इंच. हे सगळं एफएएच्या, म्हणजे अमेरिकी विमान वाहतूक खात्याच्या, 'ए.सी. ४३.१३-१बी' नावाच्या पुस्तकात चित्रांसकट दिलंय. आमच्या देवघरात पोथ्या आहेत, पण रोजचं पारायण या पुस्तकाचं होतं.

उन्हाळ्यात सासरे आले. एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. आल्या आल्या त्यांनी विमानाला एक प्रदक्षिणा घातली आणि पहिला शेरा मारला, "कांदिवलीत त्या कॅप्टन यादवांनी बिल्डिंगच्या गच्चीवर विमान बांधलं. तुला निदान गॅरेज तरी आहे." कॅप्टन अमोल यादवांचं ते सहा आसनी विमान २०१६ साली बीकेसीत 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात मांडलं होतं. सासऱ्यांच्या त्या शेऱ्यापासून आमच्या घरात प्रत्येक अडचणीवर "पण गच्चीवर नाही ना?" हे उत्तर तयार असतं.

मग त्यांना तारा दिसल्या.

"हे काय रे? बोल्ट तारेनं बांधलेत?"

"लॉकवायर, बाबा."

"का? घट्ट होत नाहीत?"

"घट्ट टॉर्क रेंचनं केलेत. तारेनं काही घट्ट होत नाही. बोल्ट उलटा फिरू नये म्हणून ती."

"म्हणजे रेंचवर तुझा विश्वास नाही."

"आहे."

"मग बोल्टवर नाही."

"बाबा, पंखा मिनिटाला २७०० फेरे घेतो."

सासरे हसले. "आमच्याकडे चेकनट, स्प्रिंग वॉशर नाहीतर स्प्लिट पिन. त्यातूनही काही निखळलं तर कंडक्टर दोरी ओढून घंटी मारायचा."

या विमानात कंडक्टरच्या जागेवर मी बसणार आहे, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. मी दोरी शोधली. नाही.

पण खरी गंमत पुढे झाली. नवऱ्याने त्यांना लॉकवायरची पक्कड दाखवली. ही पक्कड म्हणजे एक न्यारं यंत्र आहे. तारेची दोन टोकं जबड्यात धरायची, खिटी लावायची आणि मागची मूठ ओढायची, की अख्खी पक्कड स्वतःभोवती गर्रकन फिरते आणि तारेला एकसारखा पीळ बसतो. सासऱ्यांनी ती दोनदा फिरवून पाहिली, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि त्या दिवसापासून गॅरेजात बापाचं राज्य सुरू झालं.

बालपण खेड्यात गेलेलं, हाताने चऱ्हाट वळलेलं. पीळ कुठे सैल आहे आणि कुठे फाजील, हे त्यांना बोट फिरवून कळायचं. सैल तार थरथरते आणि घासून झिजते. जास्त पिळली तर कडक होऊन ऐन वेळी तुटते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं आपण म्हणतो; इथे जादा पिळापायी सुंभच जातो. पकडीच्या दातांचा ओरखडा उठला, तरी ती तार बाद. आणि एकदा काढलेली तार पुन्हा वापरायची नाही, तिथे काटकसर चालत नाही. घरात प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन वाळत घालणारी ही दोन माणसं तारेचे तुकडे कसे निर्दयपणे फेकून देत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. फेकताना मोजूनही घेत. कारण इंजिनाच्या खोबणीत राहिलेला तुकडा हा वेगळाच उपद्व्याप असतो.

एका संध्याकाळी सासरे इंजिनापुढे वाकून उभे राहिले आणि म्हणाले, "काप."

"काय झालं?"

"ही तार कुणीकडे ओढतेय बघ."

शेजारी शेजारी दोन बोल्ट, दोन्ही नेहमीच्या उजव्या आट्यांचे. तार डाव्या बोल्टच्या डोक्यावरून निघून तिरकी उजव्याच्या खालून जायला हवी. मग एक जरी ढिला व्हायला लागला तरी तार दुसऱ्याला आवळणाऱ्या दिशेनेच ओढते. नवऱ्याने दोन्हींच्या वरून सरळ नेली होती. दिसायला सुरेख, पीळ मोजून सात. पण उजवा बोल्ट ती सोडवायच्या दिशेने ओढत होती.

"एवढी छान झाली होती," नवरा म्हणाला.

"लग्नात मिरवायचीय का ती?" सासरे म्हणाले.

कापताना टोक उडालं आणि नवऱ्याच्या अंगठ्यात शिरलं. लॉकवायरचं कापलेलं टोक सुईपेक्षा वाईट. विमान बांधणाऱ्यांचे हात लगेच ओळखू येतात, त्यांच्या बोटांवर कायम पट्ट्या असतात. सासऱ्यांनी हळद मागितली. मी दिली. ॲल्युमिनियमवर पिवळे ठसे उमटले, तेवढाच वास्तुशांतीचा शकुन.

पंख्याच्या सहा बोल्टांचा प्रसंग मी थोडक्यात सांगते, कारण त्या दोन दिवसांत बापलेकांमध्ये झालेला संवाद छापण्याजोगा नाही. ते बोल्ट जोडीजोडीने बांधायचे असतात, आणि तेही मागच्या बाजूने, जिथे हात शिरत नाही, पक्कड फिरत नाही आणि डोळ्याला आरसा धरावा लागतो. बाहेरून कोणाला ती तार दिसणारही नाही. तरी चौथ्यांदा कापली.

तेलाच्या फिल्टरलाही तार असते, आणि दर ५० तासांनी तेल बदललं की ती कापून नवी घालायची. म्हणजे हे काम कधी संपत नाही. सासऱ्यांना हे कळलं तेव्हा ते खूश झाले. परतीचं तिकीट पुढे ढकलता येईल का, असं त्यांनी मलाच विचारलं.

आता विमान जवळजवळ झालं आहे. प्रवाशाला दिसेल अशा जागी एक पाटी लावावी लागते: हे विमान हौशी माणसाने बांधलेलं असून नेहमीच्या विमानांच्या सुरक्षा नियमांत बसत नाही. नवऱ्याने ती माझ्या आसनासमोरच लावली आहे. ती वाचून मी गॅरेजातल्या सगळ्या तारा टॉर्चने तपासल्या. एकही सैल सापडली नाही. मी खरोखर शोधत होते.

माझं मत स्पष्ट आहे. रेंचने आवळलेल्या बोल्टवरही भरवसा न ठेवता जो माणूस तार घालतो आणि ती तार बापाने सांगितल्यावर मुकाट्याने कापतो, त्याच्या विमानात बसायला हरकत नाही. फक्त चाचणीचे पहिले २५ किंवा ४० तास हौशी विमानात प्रवासी घ्यायला कायद्याने मनाई आहे. हा नियम सरकारने कधीही शिथिल करू नये, अशी माझी नम्र विनंती आहे.