जसंच्या तसं

सरांच्या नातीचा पहिला वाढदिवस. मेणबत्ती पेटलेली, सगळ्यांचे मोबाइल सरसावलेले. एवढ्यात सर ओरडले, "थांबा, पट्टी राहिली!" खिशातून सहा इंची पट्टी काढून त्यांनी ती केकशेजारी नीट आडवी ठेवली. "पट्टीशिवाय फोटो म्हणजे अफवा. पन्नास वर्षांनी बघणाऱ्याला कळायचं कसं, केक केवढा होता?" तोवर नातीने फुंकर मारून केक कुस्करलाही होता.

सर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. शहरातल्या एका महाविद्यालयाने हर्बेरियमच्या डिजिटायझेशनसाठी त्यांना परत बोलावलं आणि टायपिंगसाठी मला. लोखंडी कपाटं, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि जाड कागदांवर चिकटवलेली वाळकी झाडं. शीटला बारकोड लावायचा, स्टँडवरच्या कॅमेऱ्याखाली ठेवायची, शेजारी पट्टी आणि रंगांचा तक्ता, दोन्हीकडून दिवे, फोटो. मग लेबल वाचून एक्सेलमध्ये भरायचं. सरांचा पहिला नियम, पंखा बंद. मे महिन्यात, मराठवाड्यात! "पाकळी उडाली तर कुठं हुडकणार? तुझं काय, घाम पुसला की झालास पूर्ववत."

घामाने चष्मा निसटला की सर कूकसाहेबावर घसरत. "मुंबई इलाख्याचा फ्लोरा लिहिला त्यानं, १९०१ ते १९०८. आपण पडलो निजामाकडं, म्हणून आपली झाडं त्यात नाहीत. जशी काही बाभळ सरहद्दीवर जकात भरत होती!" मग १९९८ साली दोन खंडांत 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' काढणाऱ्या व्ही. एन. नाईकांचं नाव घेऊन कानाची पाळी पकडत. २०२२ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं आभासी हर्बेरियम सगळ्यांना खुलं झालं, तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते म्हणे. पेढ्यांचा फोटो मी पाहिलाय. शेजारी पट्टी आहे.

दुसरा नियम, जसंच्या तसं. "लेबल वाचायचं, शहाणपण करायचं नाही." लेबलवर 'औरंगाबाद, हैदराबाद संस्थान' असेल तर तेच टाइप करायचं, आजचं 'छत्रपती संभाजीनगर' शेजारच्या रकान्यात. २०२३ साली नाव बदललं तेव्हा चहाच्या टपरीवर दोन मित्रांची जुंपली, तीही सरांनी याच नियमाने मिटवली. "रकाना एकच ठेवला की भांडण होतं. दोन ठेवा की! रकान्याला काय पैसे पडतात?"

एका शीटवर लिहिलेलं, 'पैठण रस्ता, बारावा मैल, ओढ्याकाठी.' आता याचे अक्षांश-रेखांश हवेत. सर माझ्या स्कूटरवर मागे बसले. मैल क्रांती चौकातून मोजायचे की स्टेशनातून, यावर अर्धा तास गेला. शेवटी १९.३ किलोमीटरवर उतरलो, तर समोर ढाबा. सरांनी मालकाला विचारलं, "इथला ओढा कुठाय?" तो म्हणाला, "आत बसा की सर, फॅमिली रूम तिकडंय." सर भिंतीला कान लावल्यासारखे जरा वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, "लिही. अनिश्चितता, दोन किलोमीटर. शेरा, ओढ्याजागी ढाबा." जेवण झाल्यावर पुढे भर घातली, "शेवभाजी बरी."

तिसरा नियम चिठ्ठीचा. जुन्या संग्राहकाने झाडाचं नाव चुकवलं असेल, तरी ते खोडायचं नाही. शेजारी चिठ्ठी चिकटवायची: नवं नाव, ठरवणाऱ्याची सही, तारीख. एका शीटवर तर दोघा तज्ज्ञांच्या चार चिठ्ठ्या होत्या, एकाआड एक. "वीस वर्षं भांडले बघ," सर कौतुकाने म्हणाले, "पण एकानं दुसऱ्याची चिठ्ठी फाडली नाही."

हे व्रत घरीही चाले. स्वयंपाकघरातल्या डब्यावर मूळ लेबल 'तूरडाळ', खाली चिठ्ठी 'रवा', तारखेसह. काकू पाहुण्यांसमोर कपाळावर हात मारत. पण सरांना वाटे, बाईंना शास्त्राची गोडी नाही.

परवा काकूंनी लग्नाचा अल्बम काढला. पहिल्याच पानावर मध्यस्थांनी आणलेला स्थळाचा कागद डकवलेला: 'मुलगा प्राध्यापक, निर्व्यसनी, स्वभावाने शांत व समजूतदार.' त्याच्याखाली कोरी करकरीत चिठ्ठी. अक्षर काकूंचं: 'हेकट. बेचाळीस वर्षांच्या निरीक्षणावरून.' खाली सही, तारीख.

सरांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मला वाटलं, आता फाडतात.

"नियमाप्रमाणं आहे," ते म्हणाले, आणि खिशात हात घातला. "धर मोबाइल. थांब, पट्टी ठेवू दे."