मोहीम निघाली पवनेला

रहाटणीत चारचाकी घेणं सोपं आहे. कर्जवाले घरी येतात, शोरूमवाले पेढे देतात, आणि गाडी बनते तीही हाकेच्या अंतरावर. पिंपरीत टाटा, आकुर्डीत फोर्स, चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज. गाड्या जन्मतात याच पट्ट्यात आणि अडकतातही याच पट्ट्यात. अवघड आहे ते गाडी चालवणं. कोकणे चौक ते काळेवाडी फाटा या प्रवासात ज्या एसयूव्हीला तिसरा गिअर बघायला मिळत नाही, तिच्यात डोंगर चढायचं बटणही असतं. त्या बटणाचे हप्ते फेडणाऱ्याला ते एकदा तरी दाबून बघावंसं वाटणारच. त्या इच्छेतून ओनर्स क्लब निघाले, आणि क्लब निघाला की रॅली निघतेच.

नव्या सभासदाने एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. सोसायटीला कंटाळलेली माणसं शनिवारी पहाटे सोसायटीतून बाहेर पडतात आणि पवना धरणाच्या काठावर जाऊन दुसरी सोसायटी स्थापन करतात, यालाच मोहीम म्हणतात. तिला अध्यक्ष असतात, संस्थापक-अध्यक्ष असतात (हे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत), खजिनदार असतो, नियमावली असते आणि पार्किंगवरून भांडणही असतं. फक्त मेंटेनन्सला इथे ‘कॉन्ट्रिब्युशन’ म्हणतात आणि ते वेळेवर भरतात.

हा शोध आपला नाही. इंग्लंडात कॅरॅव्हॅन क्लब १९०७ सालीच निघाला. अमेरिकेत वॅली बायम या गृहस्थांनी एअरस्ट्रीम नावाचे चकचकीत ॲल्युमिनियमचे ट्रेलर बनवले. गाडीमागे घर जोडायचं आणि निघायचं. त्यांच्या नावाचा मालकांचा क्लब १९५५ साली कॅनडात स्थापन झाला, आणि १९५९ मध्ये या मंडळींनी केपटाउनहून कैरोच्या दिशेने ट्रेलरांची रांगच्या रांग हाकली. सभासदाने निळी बेरे टोपी घालायची आणि ट्रेलरवर लाल आकड्यांत आपला क्रमांक लावायचा, ही त्यांची ओळख. अशा मेळाव्यांचे बाकीचे संकेत साधे आहेत. शेजाऱ्याच्या जागेतून आडवं जायचं नाही. रात्री जनरेटर बंद करायचा. मैल्याची टाकी ठरलेल्या जागीच रिकामी करायची. आमच्या क्लबांनी या सगळ्याचा सखोल अभ्यास केला आणि त्यातली टोपी तेवढी उचलली.

टोपीनंतर स्टिकर. स्टिकर मागच्या काचेवर लावायचा, आणि तो इतका मोठा हवा की मागचं काही दिसता कामा नये. मोहिमेवरच्या माणसाने मागे वळून बघायचं नसतं.

मग येतो क्रम, आणि क्रमात सगळं येतं. सर्वांत पुढे ‘लीड’, सर्वांत मागे ‘स्वीप’, आणि मधे ज्यांना या दोन्ही जागा मिळाल्या नाहीत ते. सर्वांत महागड्या गाडीने लीड करावं असं नियमावलीत कुठेही नाही. अनुभवी माणसाने लीड करावं असं आहे. पण महागडी गाडी घेतली की अनुभव तिच्याबरोबर ॲक्सेसरीजमध्ये येतो. लीडला ओव्हरटेक करणं हा गंभीर गुन्हा आहे. लीड चुकीच्या रस्त्याला लागला तरी मागच्या सगळ्यांनी चुकीच्याच रस्त्याने जायचं, आणि पुढे यू-टर्न मारताना त्याला ‘रेकी’ म्हणायचं. स्वीपची जागा खरं तर सर्वांत जबाबदारीची. कोणाचं टायर बसलं, कोणाचं मूल उलटी करतंय, हे त्याने बघायचं. म्हणून ती नेहमी ज्याला नाही म्हणता येत नाही अशा माणसाला देतात.

निघायची वेळ पहाटे साडेपाच. तेव्हा अध्यक्ष ‘गुड मॉर्निंग वॉरियर्स’ असा मेसेज अंथरुणातून पाठवतात. सव्वासातला गाड्या हलतात आणि डांगे चौकाच्या सिग्नलला मोहिमेचे दोन तुकडे होतात. इथून वॉकीटॉकी सुरू.

“लीड टू स्वीप, लीड टू स्वीप. तुम्ही कुठे आहात? ओव्हर.”

“सिग्नलला आहे, सर. मधे पीएमपी घुसलीय. ओव्हर.”

“पीएमपीला कॉन्व्हॉयमधून बाहेर काढा. ओव्हर.”

“सर, तिच्यात माणसं आहेत. ओव्हर.”

“कॉपी. सोमाटणे फाट्याला थांबतो. कामशेतला मिसळ की वडापाव, सगळ्यांनी कळवा. ओव्हर.”

पुढचे पंधरा किलोमीटर ही बिनतारी यंत्रणा तर्रीच्या वाटाघाटींत गुंतलेली असते. त्या गडबडीत एका गाडीचं मागचं दार नीट लागलेलं नाही, हे सांगायला कोणाला चॅनेल मोकळा मिळत नाही. ते शेवटी दूधवाला मोटरसायकल शेजारी आणून काचेवर टकटक करून सांगतो.

नाश्त्याचं बिल हा स्वतंत्र विधी आहे. प्रत्येकाने ‘मी देतो, मी देतो’ म्हणत हात खिशात घालायचा आणि खजिनदाराचा हात बाहेर येईपर्यंत आपला आतच ठेवायचा.

संबोधनांचंही शास्त्र आहे. ओळख नवी असेल तर ‘सर’. एकत्र पंक्चर काढलं की ‘दादा’. ज्याच्या फोटोचा फ्लेक्स चौकात लागतो तो वयाने लहान असला तरी ‘भाऊ’. बायका सगळ्या ‘वहिनी’. एखादी स्वतःच्या पैशाने स्वतःची गाडी घेऊन, चढ-उतार स्वतः चालवून आली, तर तिलाही वहिनीच म्हणायचं, आणि गाडीतून उतरता उतरता आपुलकीने विचारायचं, “सर नाही आले?” तिने मागे बसलेल्या सासूबाईंकडे बोट दाखवलं की विषय बदलायचा. तिची गाडी रांगेत नवव्या क्रमांकावर असते. तिला रस्ता सर्वांत चांगला माहीत आहे, ही बाब क्रम ठरवताना विचारात घेतली जात नाही.

तळावर पोहोचल्यावर तंबूंच्या जागा. लांबून तुंग-तिकोन्याचे सुळके आणि समोर पाणी दिसेल ती जागा पदाधिकाऱ्यांची. झाडाची सावली संस्थापकांची. उरलेला उतार सर्वसाधारण सभासदांचा. कोणी आधी येऊन जागा धरली असेल तर तिथे अध्यक्षांनी फक्त ‘अरे वा, छान जागा मिळाली’ म्हणत उभं राहायचं. तो माणूस आपोआप उठतो.

यंदाच्या मोहिमेचं आकर्षण मात्र तंबू नव्हते. राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून एका सभासदाच्या मनात ते घोळत होतं. त्यांनी एका ट्रॅव्हलरच्या सीटा काढून आत घर केलं. सोसायटीत ते घर उभं करायला जागा नाही, कारण पार्किंगच्या आखलेल्या चौकोनातून ते एक स्वयंपाकघरभर बाहेर येतं. त्यामुळे वर्षभर ते गावाकडच्या शेतात उभं असतं आणि रॅलीच्या आदल्या दिवशी मालक स्वतः दुसऱ्या गाडीने जाऊन ते घेऊन येतात.

कॅरॅव्हॅनचं दर्शन घेण्याचीही पद्धत आहे. दाराच्या पायरीपाशी चपला-बुटांचा ढीग. ‘क्वेचुआ’पासून ‘पॅरागॉन’पर्यंत सगळे वर्ग तिथे एकत्र नांदत होते. दारावर लिंबू-मिरची, स्टिअरिंगसमोर गणपती, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. आत एका वेळी चौघांनीच जायचं. वहिनी हातात चिवड्याची बशी देतात आणि मालक गाइडचं काम करतात. “हे बटण दाबलं की बेड. हे दाबलं की डायनिंग टेबल. ही दोन्ही एकदम दाबायची नाहीत. इथे सिंक. इथे गॅस. आणि हे,” इथे आवाज आपोआप खाली येतो, “हे अटॅच्ड टॉयलेट.”

“वा! वापरता येतं?”

“येतं ना. पण आम्ही वापरत नाही.”

“का?”

“भरलं तर रिकामं कुठे करणार?”

प्रश्न बिनतोड होता. परदेशातल्या तळांवर त्यासाठी ठरलेली जागा असते. इथे धोरण आहे, गाडी आहे, टाकी आहे, फक्त टाकीचं तोंड कुठे उघडायचं तेवढं सापडत नाही. त्यामुळे अठ्ठावीस लाखांच्या घराचे मालक पहाटे बाटली घेऊन झुडपाकडे निघाले तेव्हा तंबूवाले समजूतदारपणे दुसरीकडे बघत होते. सगळ्या मोहिमेत पाळला गेलेला हा एकमेव खरा शिष्टाचार.

रात्री जेवण झालं. बिर्याणीचं पातेलं मोठं होतं. ते घासायचं कुठे, यावर नियमावली गप्प आहे. ध्वजाचा रंग कुठला, घोषणा किती वेळा द्यायची, गट फोटोत कोण बसणार आणि कोण उभं राहणार, ड्रोन उडाला की वर बघायचं की वर न बघता सहज चालत राहायचं, यावर अकरा पानं आहेत. पातेल्यावर एक ओळ नाही. मग ज्याला नाही म्हणता येत नाही तो स्वीपच ते घेऊन धरणाच्या पाण्यात उतरला. पिवळा तवंग, शिजलेली शितं आणि भांड्याच्या साबणाचा फेस हळूहळू आत सरकत गेला. काठावरून कोणीतरी कौतुकाने म्हणालं, “पाणी बघा काय निवळशंख आहे! आपल्याकडे असं मिळत नाही.”

मिळतं. हेच मिळतं. पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीने वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचललं जातं, शुद्ध होतं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना जातं. धरणापासून बंद नळाने आणायचं ठरलं होतं, पण २०११ च्या मावळातल्या आंदोलनात ते काम थांबलं. म्हणजे सभासद ज्या पाण्यात पातेलं बुडवतात त्याच पाण्यात घरी चहा टाकतात. नोव्हेंबर २०१९ पासून शहराला पाणी दिवसाआड येतं, ही त्यातली सोय. बिर्याणीनंतर पोटाला एक दिवस आराम मिळतो.

इथे एक आगाऊ सूचना करावीशी वाटते. याच पट्ट्यातून दर ज्येष्ठात एक खरा काफिला जातो. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला असते. तुकोबांचे पुत्र नारायण महाराजांनी १६८५ साली सुरू केलेली ही चाल. आळंदीहून माउली निघतात. त्या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती साताऱ्याकडच्या आरफळच्या हैबतबाबांनी, म्हणजे शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या, फौजेची चाल बघितलेल्या माणसाने. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागे, आणि कोणी कुठे चालायचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. म्हणजे लीड आणि स्वीप तिथेही आहेत. ट्रक आहेत, टँकर आहेत, तंबू आहेत, अलीकडे फिरती शौचालयंही आहेत. रुसवेफुगवेही आहेत. नंबराचा मान हा मराठी माणसाचा जुना आजार आहे, तो विठोबालाही बरा करता आलेला नाही.

पण त्यावर उतारा मात्र वारकऱ्यांनी काढून ठेवला आहे. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या वेळी सगळ्या दिंड्या टाळ वाजवत उभ्या असतात. चोपदार चोप उंच धरतात आणि टाळ थांबतात. ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल ती एकटीच टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्यापाशी जातात, ऐकून घेतात, मग ती थांबते. हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारतात. मग आरती. एवढ्या जनसमुदायाची ही सभा ॲडमिनशिवाय आटोपते.

रविवारी सकाळच्या आढावा बैठकीत ही कल्पना मांडली गेली. सगळ्यांना ती ‘आपली संस्कृती’ म्हणून फार आवडली. चोपदार कोण, यावर पाऊण तास गेला. शेवटी तडजोड म्हणून अध्यक्षांनी सेल्फी स्टिक उंच धरली आणि टाळांऐवजी हॉर्न वाजवायचे ठरले. ज्याची तक्रार नाही त्याने थांबायचं. चौदा गाड्यांपैकी एकही थांबली नाही. स्वीपसुद्धा वाजवत होता, आणि सर्वांत जोरात वाजवत होता. त्याच्यापाशी जाऊन विचारायचं काम कोणाचं, हे नियमावलीत नसल्याने तसा ठराव पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरलं. मग आभारप्रदर्शन झालं. ते ग्रुपवर मंगळवारपर्यंत चाललं.

मंगळवारीच रहाटणीत पाणी आलं. त्याला कसला तरी वास येतोय, असं सोसायटीच्या ग्रुपवर सर्वांत आधी कॅरॅव्हॅनवाल्या वहिनींनी लिहिलं. अध्यक्ष सोसायटीचेही चेअरमन असल्याने त्यांनी तासाभरात निवेदन तयार केलं. ‘धरण परिसरात शनिवार-रविवारी येणाऱ्या काही बेजबाबदार हौशी पर्यटकांमुळे आपले पिण्याचे पाणी दूषित होत असून, त्यांच्यावर कठोर कारवाई करावी.’ खाली दोनशे सह्या. निवेदनाला पुरावा हवा म्हणून क्लबच्या अल्बममधून काठावरचे फोटो काढायला घेतले. फोटो उत्तम होते. पातेलं स्पष्ट होतं, तवंग स्पष्ट होता, फेसही स्पष्ट होता. पण एकूण एक फोटोत मागे आमचे स्टिकर होते, आणि स्टिकर आम्ही मुद्दाम दुरून वाचता येतील एवढे मोठे केलेले आहेत. निवेदन तूर्त थांबवलं आहे. पुढच्या रॅलीसाठी थोडे लहान स्टिकर छापायला टाकले आहेत.