लॉन्सवर उतारा

स्टुटगार्ट, रविवार

ती. बाबा आणि ती. आई,


बाबा, तुमचा प्रश्न पोचला. शेजारच्या लॉन्सवर रोज लग्न, कोपऱ्यावर सिंहस्थासाठी खणलेला रस्ता, तेव्हा ते आवाज गिळणारे हेडफोन घ्यावेत का? नातवाला विचारलंत तर तो 'घ्याच' म्हणेल, कारण तुमचे झाले की ते त्याचेच होणार.

आमच्या घरात एक जोडी आहे, तीनशे युरोंची. तुमच्या जावईबापूंनी विमानप्रवासासाठी म्हणून घेतली आणि आता ती घरातच घालून बसतात. इथे! जिथे रविवारी ड्रिल चालवायचं नाही आणि काचेच्या बाटल्यासुद्धा डब्यात टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन आवाज होतो. या शांततेत हेडफोन चालू केला की कानात बारीकशी सूं ऐकू येते आणि घाट उतरताना बसतात तसे कान बसल्यासारखे वाटतात. म्हणजे पैसे देऊन आवाज विकत आणला.

विमानात मात्र जादू आहे, ते नाकारत नाही. हेडफोनमधला माइक बाहेरचा आवाज ऐकतो आणि हेडफोन त्याच्या बरोबर उलटी लाट कानात सोडतो. आत्या म्हणते 'हो', काकू म्हणते 'नाही', निष्पन्न शून्य, तसं. या युक्तीचं पेटंट एका जर्मनाने, पॉल ल्यूगने, १९३६ सालीच अमेरिकेत मिळवलं होतं. पण १९७८ साली बोस कंपनीवाले अमर बोस (वडील कलकत्त्याचे, म्हणून आई खूश होईल) झुरिकहून बॉस्टनला चालले होते. विमानात मिळालेल्या हेडफोनमधलं संगीत इंजिनाच्या घरघरीत ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तिथेच बसून गणित मांडलं. त्यांचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ साल उजाडलं.

आता तुमचं दुखणं. ही युक्ती एकसुरी, खालच्या पट्टीतल्या घरघरीवर चालते. तिथली लाट दोन-तीन मीटर लांब असते, उलटी लाट बसवायला सवड मिळते. कुकरच्या शिट्टीची लाट काही सेंटिमीटरची, जरा चुकलं की नेम हुकला. म्हणजे जेसीबीचं इंजिन जाईल, सनई राहील. 'वधूवरांच्या मामांनी स्टेजवर यावे' हेही बरंचसं राहील. आणि नाशिक ढोल? त्याची पट्टी खालची खरी, पण ठोका अवचित पडतो आणि कानाआधी छातीत शिरतो. छातीला लावायचा हेडफोन अजून निघालेला नाही.

जावईबापूंचा दावा आहे की हेडफोन घातला की माझं बोलणं ऐकू येत नाही. मी हळूच 'पुरणपोळी झालीय' म्हणून पाहिलं. आले.

तेव्हा बाबा, घेऊ नका. ओझरच्या कारखान्यात इंजिनांच्या चाचणीला तुम्ही कानांवर चढवायचात ती जाडजूड झापडं माळ्यावरच्या ट्रंकेत असतील. वरच्या पट्टीतले आवाज नुसतं झाकण्यानेच अडतात, त्याला बॅटरी लागत नाही. आत फोमचे बोळे घाला, म्हणजे सनईचीही डाळ फारशी शिजणार नाही. रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालू राहिला तर मात्र कान झाकत बसू नका, पोलिसांना फोन करा. नियम २००० सालापासून आहे, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे. तुमचं घोरणं यात धरत नाहीत, असं आईला सांगा.

इकडे यायचं ठरलं की आमची जोडी विमानासाठी तुमची. मुंबई ते इथपर्यंतच्या घरघरीत ती पैसे वसूल करते.

आई, पंचांगात बघून लग्नाचे मुहूर्त कधी संपतात तेवढं कळव. आम्ही त्यानंतरचीच तिकिटं काढतो.

तुमची,
धाकटी