संपला, संपवला, संपलो

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पर्यटकांना हा आकडा रम्य वाटतो, कारण ते रविवारी संध्याकाळी परत जातात. मागे उरणाऱ्यांचे मोजे दसऱ्यापर्यंत वाळत नाहीत. अशा गावात पंचेचाळिशीतला एखादा गृहस्थ व्हिडिओ गेम खेळायला लागला तर त्याला कारण विचारू नये. प्रस्तुत लेखकाला मात्र घरात ते रोज विचारलं जातं.

त्यावर तोड म्हणून त्याने गेल्या गुढीपाडव्याला संकल्प सोडला. या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत जो खेळ हाती घेऊ, तो तडीस नेऊ. संकल्प म्हटलं की वाया घालवलेल्या वेळेला जरा सोवळं नेसवल्यासारखं होतं. मुलीच्या गेल्या वर्षीच्या वहीतली कोरी पानं घेऊन त्याने तीन रकाने आखले. ‘संपला’ म्हणजे जो आपोआप, खेळता खेळता पार पडला. ‘संपवला’ म्हणजे जो केवळ हट्टापायी पार पाडला. आणि ‘संपलो’ म्हणजे खेळ ठणठणीत आहे, खेळणाऱ्याचा निकाल लागला.

चैत्रात घरचाच खेळ घ्यावा म्हणून ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ घेतला. घरचा म्हणजे पुण्याचा. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या छोट्या स्टुडिओने तो बनवला आणि 2020 मध्ये तो बाजारात आला. राजी ही खेळतमाशा करणारी पोर. राक्षसांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाला ती हुडकत निघते. हातात त्रिशूळ, पुढे धनुष्य, वाटेत किल्ले, भित्तिचित्रं आणि महाबलासुर. 2017 मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला, तेव्हा संस्थापकांपैकी एकीने राहता फ्लॅट विकला. प्रस्तुत लेखकाला साऱ्या महाकाव्यात हाच प्रसंग सर्वांत अद्भुत वाटतो. पुण्यात माणूस फ्लॅट विकतो तो दुसरा मोठा फ्लॅट घेण्यासाठी. त्याच 2020 साली ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या उत्तम स्वतंत्र खेळांच्या यादीत ‘राजी’चं नाव होतं.

या खेळात दुर्गा आणि विष्णू वरून सगळी कथा सांगतात. राजी धडपडली की एकमेकांशी बोलतात, हळहळतात. प्रस्तुत लेखकाच्या आईने पोथी मिटून अर्धा तास हे पाहिलं.

“हे दोघं नुसतंच बोलणार आहेत का? पोर एकटी मार खातेय. उतरा की खाली.”

समीक्षकांनी या खेळावर पुष्कळ लिहिलं, पण इतका नेमका आक्षेप वाचनात आला नाही. पाच-सहा तासांत खेळ आटोपला. शेवट उरकल्यासारखा वाटला, चित्रं मात्र डोळ्यांपुढून हलेनात. रकाना पहिला, ‘संपला’.

मे महिन्यात मुंबईचा भाचा आला. त्याला आपल्या बालपणाचं वैभव दाखवावं म्हणून ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ काढला. 1985 चा खेळ. आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे, एकूण बत्तीस. नव्वदच्या दशकात आपल्याकडे हा आला तो बहुतेक घरांत नकली यंत्रातून. कॅसेटवर ‘9999 खेळ’ असं छापलेलं असे आणि आत तेच सहा खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा येत. चित्र आलं नाही की कॅसेट काढून फुंकर मारायची, जखमेवर मारतात तशी. तेवढ्यावर चित्र यायचं, हे भाच्याला खरं वाटेना.

“मामा, यात सेव्ह कुठे करायचं?”

“करायचंच नाही.”

“मग मेलो तर?”

“तीन जीव आहेत. ते संपले की पहिल्यापासून.”

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मामाचं बालपण फार हलाखीत गेलं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण तो चिकाटीचा निघाला. या खेळात प्रत्येक जगाच्या शेवटी किल्ला येतो, राक्षसाला पाडावं तर राजकन्या जागेवर नसते, ती दुसऱ्या किल्ल्यात आहे असा निरोप मिळतो. असं सात वेळा होतं. भाचा चिडला. मामा शांत होता. सातबाऱ्यावरच्या नावातली एक वेलांटी दुरुस्त करून घ्यायला गेलेल्या माणसाला सात किल्ले काहीच नाहीत. आठव्यात राजकन्या मिळाली, भाच्याला. मामा सातव्या जगातच पडला होता. तरी वहीत ‘संपवला’ असं लिहिलं, कारण वही मामाची होती.

जून लागला आणि वीज गेली. इथे थोडा इतिहास सांगायला हवा. टाटांनी लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथे पावसाचं पाणी अडवलं, ते मोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडलं आणि 1915 पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालवल्या. म्हणजे शंभरहून अधिक वर्षं लोणावळ्याचा पाऊस मुंबईत उजेड पाडतो आहे. लोणावळ्यात तो पडला की दिवे जातात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो सहसा इतक्या मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळत नाही.

त्या अंधारात हातातल्या यंत्राची बॅटरी दोन तास पुरेल इतकी होती, म्हणून ‘अ शॉर्ट हाइक’ निवडला. ॲडम रॉबिन्सन-यू या एकट्या माणसाचा 2019 चा खेळ. क्लेअर नावाची पक्षीण सुट्टीला मावशीकडे आली आहे. तिला एका महत्त्वाच्या फोनची वाट पाहायची आहे, पण तिथे रेंज नाही. रेंज फक्त डोंगराच्या माथ्यावर मिळते. म्हणून डोंगर चढायचा. सोनेरी पिसं गोळा केली की चढायला बळ येतं, वाटेत कोणी मासे धरतंय, कोणाची टोपी हरवली आहे, कोणी नुसतंच बसलं आहे. कोणी कोणाला मारत नाही.

परदेशातल्या लोकांना ही कल्पना फार कविमनाची वाटली म्हणतात. मावळातल्या माणसाला ती बातमी वाटेल. राजमाचीला मुक्काम पडला आणि घरून फोन यायचा असला, की तिथल्या श्रीवर्धन गडाच्या चढाला लागून मोबाइल आकाशाकडे धरलेले किती तरी जीव प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत. तो स्वतः त्यांत होता. फरक एवढाच, की क्लेअरला माथ्यावर पोचल्यावर आईचा फोन येतो, आणि याला श्रीवर्धनवर आला तो कर्ज हवंय का विचारणारा. दीड तासात खेळ संपला. वीज नंतर पाच तासांनी आली. वर्षातला सर्वांत आवडलेला खेळ हाच. रकाना पहिला.

आषाढात ‘स्टारड्यू व्हॅली’ सुरू केला आणि तिथे घोटाळा झाला.

एरिक बॅरोन या तरुणाने चारहून अधिक वर्षं एकट्याने खपून 2016 मध्ये हा खेळ आणला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, गोष्टही त्याची. कचेरीला विटलेला माणूस आजोबांच्या पडीक शेतावर येतो आणि शेती करतो. खेळातला एक दिवस सुमारे चौदा मिनिटांचा, एक ऋतू अठ्ठावीस दिवसांचा. दोन वर्षं पूर्ण झाली की आजोबांचं भूत येतं, नातवाची शेती तपासतं आणि लायकीप्रमाणे मेणबत्त्या लावतं. जास्तीत जास्त चार.

घोटाळा असा, की प्रस्तुत लेखकाचे सासरे पवन मावळात भातशेती करतात. इंद्रायणी पिकवतात. आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 1987 मध्ये दिलेला हा वाण. तयार व्हायला साधारण साडेचार महिने घेतो आणि शिजला की शेजारच्या घराला कळतं. सासरे दवाखान्याच्या कामासाठी दोन दिवस लोणावळ्याला आले होते. जावई रात्री अकरा वाजता शेती करतोय हे त्यांनी पाहिलं.

“काय लावलंय पाव्हणं?”

“भात, मामा.”

“कंच्या महिन्यात?”

“वसंतात. यात भात वसंत ऋतूतच लावतात.”

“चैतात भात?” सासऱ्यांनी चष्मा पुसला. “बरं. किती दिसांत येतो?”

“आठ. पाण्याच्या कडेला लावला तर सहा.”

“महिन्यात?”

“दिवसांत.”

सासरे बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. राब भाजलं का, चिखलणी कोणी केली, लावणीला बायका किती, मजुरी काय, खेकड्यांनी बांध फोडला तर काय करता, असे प्रश्न त्यांनी विचारले. एकाचंही उत्तर खेळात नव्हतं. खेळातल्या टीव्हीवर उद्याचं हवामान सांगतात आणि ते अचूक निघतं, हे ऐकल्यावर मात्र ते उठून झोपायला गेले. जाताना म्हणाले, “रविवारी लावणी हाय आपल्याकडं. या.”

रविवारी प्रस्तुत लेखक गेला. गुडघाभर चिखलात उलटं चालत रोपं टोचत जायचं असतं. खेळात याला एक बटण आहे. चाळिसाव्या रोपाला कंबर गेली, साठाव्याला तोल. सासऱ्यांच्या शेजारणीने, मागे पडलेली ओळ जावयाची आहे हे माहीत नसल्यामुळे, ही पोराने लावली का असं विचारलं. संध्याकाळी गावातही वीज गेली, सासूबाईंनी मेणबत्ती लावली आणि पिठलं-भात वाढला. हे पुढच्यासाठी ध्यानात ठेवावं.

श्रावणात पंधरा ऑगस्टला जोडून सुट्ट्या आल्या आणि मुंबईचे पाहुणे निघाले. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्ण झाला, तेव्हापासून मुंबईकरांच्या हिशेबात लोणावळा दीड तासावर आहे. जोडून सुट्टी आली की हा हिशेब खालापूरला थांबतो. पाहुण्यांचा फोन आला, “अमृतांजन पुलापाशी अडकलोय.” 1830 चा तो पूल एप्रिल 2020 मध्ये, रस्ते टाळेबंदीत ओस पडले होते तेव्हा, पाडला. तरी घाटात अडकायची जागा अजून त्याच्याच नावावर आहे.

वाट पाहताना प्रस्तुत लेखकाने ‘युरो ट्रक सिम्युलेटर 2’ लावला. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरचा 2012 चा खेळ. ट्रकमध्ये माल भरायचा आणि युरोप ओलांडायचा, इतकंच. नकाशा एकास एकोणीस प्रमाणात लहान केलेला आहे. हॅम्बुर्गहून निघाला, प्रागला पोचला, सिग्नल तोडल्याचा दंड भरला, ट्रकमधल्या माणसाला झोपवला, दुसरा माल घेतला. तोवर पाहुणे तीन किलोमीटर सरकले होते. त्यांनी खिन्नपणे विचारलं, “तू काय करतोयस?” घाटात अडकलेल्या माणसाला ‘गंमत म्हणून ट्रक चालवतोय’ असं सांगू नये, ही या खेळाची मुख्य शिकवण. खेळाला शेवट नाही. रकाना तिसरा.

दिवाळीत मुलांनी अंगणात मातीचा किल्ला केला आणि बापाने ‘एल्डन रिंग’ घेतला. फ्रॉम सॉफ्टवेअरचा 2022 चा खेळ. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी, पुराणकथा जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची. स्टॉर्मव्हेल नावाच्या गडाच्या वाटेवर मार्गिट उभा असतो. तो सोटा उचलतो आणि थांबतो. आपण घाबरून कोलांटी मारतो. आपली कोलांटी संपली की मग तो हाणतो. पडद्यावर लाल अक्षरांत आपल्या निधनाची बातमी येते. प्रस्तुत लेखकाच्या निधनाची ती एकेचाळीस वेळा आली.

भाऊबिजेला सगळे लोहगडावर गेले. गणेश, नारायण, हनुमान आणि महा असे चार दरवाजे, प्रत्येकाला वळण, वरून मारा करायला जागा. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यात हा एक. नारायण दरवाजापाशी एक माकड बसलं होतं. नजर थेट पवनेच्या पाण्याकडे. प्रस्तुत लेखक सावधपणे चिक्कीचा पुडा पाठीमागे लपवून उभा राहिला. माकडाने वाट पाहिली. बराच वेळ पाहिली. याने सुटकेचा श्वास सोडला, आणि पुडा गेला. मार्गिटची सारी युद्धनीती तेव्हा लख्ख समजली, पण घरी येऊन बेचाळिसाव्यांदा मेला तो मेलाच. रकाना तिसरा, लाल पेनने.

पौषात ‘टेट्रिस’. मॉस्कोत 1984 मध्ये अलेक्सी पाजित्नोव यांनी केलेला, चार-चार चौकोनांच्या सात आकृत्यांचा खेळ. तो संपत नाही, खेळणारा संपतो, अशी समजूत होती. मग डिसेंबर 2023 मध्ये ओक्लाहोमाच्या तेरा वर्षांच्या मुलाने जुन्या निन्टेन्डो यंत्रावर 157 वी पातळी गाठली आणि खेळच गोठला. प्रस्तुत लेखकाला वेग झेपत नाही, पण विद्या उपयोगी पडली. परतणाऱ्या पाहुण्यांच्या डिकीत तीन बॅगा, चटई, सात चिक्कीचे खोके, फज आणि इंद्रायणीचं दहा किलोचं पोतं त्याने एका फटीशिवाय बसवलं. फक्त टेट्रिसमध्ये ओळ भरली की ती नाहीशी होते. इथे झाली नाही, दार लागलं नाही, पोतं पाहुण्यांच्या मांडीवर गेलं. रकाना तिसरा.

फाल्गुनात एका रात्री ‘स्टारड्यू व्हॅली’ची दोन वर्षं पुरी झाली. आजोबांचं भूत आलं. त्यांनी तीन मेणबत्त्या लावल्या. ‘संपवला’ लिहून वही मिटली. सात खेळ झाले. दोन संपले, दोन संपवले, तिघांनी संपवलं.

पाडव्याला सासरे श्रीखंडाला आले होते. त्यांना आजोबा, तपासणी, मेणबत्त्या असं सगळं समजावून सांगितलं आणि जरा भीतभीतच विचारलं, “मामा, तुम्ही किती लावल्या असत्या?”

सासऱ्यांनी वाटी पुसून खाल्ली, पाणी प्याले.

“लावणीच्या दिशी लाइट गेल्ती, तवा एक लावलीवती,” ते म्हणाले. “ती तुमची धरा.”