आजोबा पुरवून पुरवून वापरा
(साहित्यिक घराण्यातल्या होतकरू आठवणीकारांसाठी)

तुमचे आजोबा थोर साहित्यिक होते आणि तुम्ही नाही. मनाला लावून घेऊ नका. भल्याभल्या घरांत असं होतं. उलट तुमच्याकडे जे भांडवल आहे ते नुसत्या लिहिता येणाऱ्यांकडे कुठून असणार? आडनाव आहे, कुसगावात बंगला आहे, एक लोखंडी ट्रंक आहे. आता फक्त आठवणी हव्यात. त्या करता येतात.

१. आधी बंगल्याला पाटी लावा. बंगला आजोबा गेल्यावर काकांनी बांधला असला तरी बिघडत नाही. ‘आजोबा इथं बसून लिहीत’ या वाक्यातलं ‘इथं’ म्हणजे सर्वसाधारणपणे मावळ तालुका, असं मनात धरा. तालुका पुण्यवान आहेच. तिकडे तळेगाव दाभाड्याला गो. नी. दांडेकर राहत आणि ‘माचीवरला बुधा’तला बुधा इथल्याच राजमाचीवर राहतो. दांडेकर मात्र गड चढत. तुम्ही एवढी दगदग करू नका. लोहगड ज्या दिशेला असावा असं वाटतं तिकडे तोंड करून फोटो काढा. धुकं असेल तर उत्तमच.

२. ट्रंक पावसाळ्यात उघडा. कुसगावच्या पावसात कागदाला बुरशी धरते, धरू द्या. जी पत्रं वाचता येत नाहीत ती तुमच्या फायद्याची. वाचता येणाऱ्या पत्रांत बहुधा ‘तांदूळ पोचले. गव्हाचं काय झालं?’ एवढंच निघतं. खचू नका. पहिल्या वाक्यातून मावळच्या मातीशी असलेलं नातं काढा, दुसऱ्यातून एका कलावंताची अस्वस्थता. दीड प्रकरण सहज होतं.

३. वय जपून ठरवा. चार वर्षं हे आठवणीकाराचं आदर्श वय. चार वर्षांच्या मुलाला मांडीवर घेता येतं आणि दोन थोर साहित्यिकांमधला संवाद त्याला शब्दशः आठवतो, मधल्या खोकल्यासकट. मांड्या मात्र दिवंगतांच्याच निवडा. हयात माणसं पुस्तक वाचून पत्रं पाठवतात.

४. आता आजी. इथं सांभाळा.

मराठीत घरातल्या बायकांनी आठवणी लिहून आपली सगळी सोय घालवून ठेवलेली आहे. लक्ष्मीबाई टिळकांचंच घ्या. शाळा नाही, लिहावाचायला नवऱ्यानं शिकवलेलं. म्हणजे नवऱ्याबद्दल लिहिताना किती नम्र असायला हवं! आणि लिहिलं काय? वडिलांच्या सोवळ्यापायी घरात मीठसुद्धा धुऊन यायचं हे लिहिलं. कविवर्य न सांगता घरातून निघून जायचे, पैसा हातात टिकू द्यायचे नाहीत, हेही लिहिलं. १८९५ मध्ये ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले आणि त्या मागे राहिल्या. पुढं पाच वर्षांनी त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळातलं सगळं दुःख त्या सांगतात आणि वर वाचणाऱ्याला हसवतात. ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत निघाली. नमुना म्हणून हे पुस्तक अजिबात जवळ ठेवू नका, हात थरथरतो.

सुनीताबाई देशपांड्यांनी तर १९९० साली ‘आहे मनोहर तरी’ छापलं तेव्हा पु. ल. हयात होते. अख्ख्या महाराष्ट्राचा लाडका माणूस घरात नवरा म्हणून कसा वागतो, हे त्याच्याच डोळ्यांदेखत लिहायचं! तुमचे आजोबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी तुमची छाती होत नाही. यात लाजण्यासारखं काही नाही. पाटीवर नाव कुणाचं आहे ते बघा.

तेव्हा आजी अबोल होती असं लिहा. ‘ती होती म्हणून आजोबा लिहू शकले’ हे एक वाक्य टाका आणि लगेच पाहुण्यांच्या पोह्यांकडे वळा. ट्रंकेच्या तळाशी तिची वही सापडली तर माळ्यावर टाका. आजोबांच्या गाजलेल्या कादंबरीतलं एखादं वाक्य त्या वहीत दोन वर्षं आधीच्या तारखेखाली दिसलं, तर माळ्यावर जरा आत सरकवून ठेवा.

५. घाट टाळा. द्रुतगती महामार्गावर खोपोलीपासून कुसगावपर्यंतचा ‘मिसिंग लिंक’ तुमच्या दाराशीच येतो. सुमारे तेरा किलोमीटर, बोगदे आणि उंच पूल, घाटाच्या वळणांना फाटा. चरित्राची आखणी अशीच हवी. उसनवारी, दारू, प्रकाशकाशी झालेली कोर्टबाजी आणि पुण्यातलं ते दुसरं बिऱ्हाड, या सगळ्याखालून एकच बोगदा काढा: ‘पुढची नऊ वर्षं अखंड साहित्यसाधनेत गेली.’

६. दांडेकरांच्या घराचं अनुकरण करू नका. एक तर गोनीदांनी स्वतःच ‘स्मरणगाथा’ लिहून टाकली आणि तिला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळवला. वारसांसाठी काही ठेवायची पद्धत असते की नाही? वीणाताई देवांनी वडिलांवर ‘आशक मस्त फकीर’ लिहिलं, तिथवर ठीक. पण त्यांनी पती विजय देवांना आणि पुढं घरातल्या इतरांनाही बरोबर घेऊन वडिलांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन वर्षानुवर्षं केलं. यात अडचण अशी की पुस्तकं उघडावी लागतात. तुम्ही त्याऐवजी ‘थोर माणसाच्या घरात जन्माला येणं’ या विषयावर बोला. मानधन पाकिटात घ्या आणि पाकीट संकोचानं घ्या.

७. चुलतभावाला दुखवू नका. लेखकाच्या मृत्यूनंतर स्वामित्वहक्क साठ वर्षं चालतो आणि त्यात त्याचाही वाटा आहे. पत्रं छापायला त्याची सही लागेल. त्याला बंगल्यावर बोलवा, इंद्रायणीचा भात वाढा, प्रस्तावनेत ‘साक्षेपी’ म्हणा. तोही आठवणी लिहितो आहे असं कळलं, तर मांड्या आधीच वाटून घ्या. एकाच संध्याकाळी एकाच मांडीवर दोघं बसलेले वाचकाला खटकतात.

८. प्रकाशन समारंभात कुणीतरी उठून विचारणारच, की आजोबांचं तुम्हाला सगळ्यांत आवडलेलं पुस्तक कोणतं? तेव्हा एखादं वाचून ठेवा. घाई नाही. पातळसं बघून घ्या.