‘वहिनी, याला आता कोण विचारतंय?’

तेराव्याच्या गोड जेवणाला हा गृहस्थ मागच्या पंगतीत असतो. दुसऱ्या वाढपाला नको म्हणत नाही, पण त्याची नजर पानावर कमी आणि जिन्याखालच्या खोलीच्या कडीवर जास्त असते. गेलेल्या माणसाला सुतारकामाचा नाद होता, त्या खोलीत त्याची यंत्रं आहेत आणि ती आता विकावी लागणार, एवढं सगळं त्याने जेवताजेवता ताडलेलं असतं. पुण्यात कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांचा तुटवडा नाही, त्यामुळे दर दोन सोसायट्यांमागे असा एक तरी सापडतोच. त्याला आपण जाणकार म्हणू. तो स्वतःही तेच म्हणतो.

जाणकार येतो तो चौदाव्या दिवशी. तेरा दिवस दुःखाचे, पुढचे व्यवहाराचे, एवढी मर्यादा तो काटेकोर पाळतो. आणि येतो तो सपत्नीक. एकट्या बाईच्या घरी एकट्याने जाऊ नये, हा जुना संस्कार. त्याला पुढे नडतो तो हाच, पण ते ओघाने येईल.

आमच्या समोरच्या इमारतीत मागच्या वर्षी हा सोहळा मी जवळून पाहिला. गेलेले गृहस्थ पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या खोलीत काय नव्हतं! मधोमध बिडाच्या सांगाड्याचं कॉम्बिनेशन मशीन, म्हणजे एकाच धडावर रंधा, गोल करवत आणि बाजूला भोकं पाडायची सोय, खाली दोन एचपीची मोटर. २००४ साली पंजाबातून, बटाल्याहून मागवलेलं. कोपऱ्यात छोटं खराद. भिंतीवर पटाश्या मापाप्रमाणे टांगलेल्या, गुण्ये, क्लॅम्प, आणि फळीवर ओळीने हातरंधे. मागे भिंतीला टेकून सागवानाचे जुने वासे. शनिवार-नारायण पेठेतले वाडे पडत होते त्या काळात त्यांनी ते एकेक करून स्कूटरवरून आणले होते. स्कूटरवरून सहा फुटी वासा कसा आणतात हे विचारू नका, पुणेकर आणतो.

वहिनींनी कुलूप काढलं. जाणकार दारातच थांबला, खोलीवरून एक नजर फिरवली आणि सुस्कारा टाकून म्हणाला, “वहिनी, याला आता कोण विचारतंय?”

हे त्याचं नमन. यानंतर यंत्राची परीक्षा होते. तो मशीनच्या टेबलावर बोटाच्या पेराने टकटक करतो, डॉक्टर पाठीवर करतात तशी, आणि मशीन चालू न करताच सांगतो, “बेअरिंग गेलंय.” मग खाली वाकून मोटरची पाटी वाचतो. “थ्री फेज! घरगुती माणूस कुठून आणणार थ्री फेज?” मोटर बदलता येते, ती काढून सिंगल फेजची बसवायला एक दुपार पुरते, हे त्याला ठाऊक नसतं असं नाही. ते तो त्या दिवशी विसरतो, इतकंच.

मग तो खिशातून पेन काढतो. आमचे जाणकार आयुष्यभर कारखान्याच्या हिशेबखात्यात होते, त्यामुळे त्यांच्या हाती एक ब्रह्मास्त्र होतं: घसारा. “यंत्रसामग्रीवर वर्षाला पंधरा टक्के घसारा धरतात, वहिनी. उरलेल्या रकमेवर पुन्हा पंधरा. अडतीस हजारांचं मशीन. वीस वर्षं.” वर्तमानपत्राच्या समासात त्यांनी खरोखर हिशेब केला आणि पेन टोपणात घालत म्हणाले, “चौदाशे त्र्याहत्तर.”

हिशेब अगदी बरोबर आहे; मी घरी येऊन ताडून पाहिला. फक्त हे पंधरा टक्के आयकर खात्यासाठी असतात आणि बिडाच्या टेबलाला ते कुणी कळवलेलं नसतं. उलट ओतीव बीड जुनं झालं की निवतं. पूर्वी चांगल्या कारखान्यांत ओतकाम मुद्दाम महिनोन् महिने उघड्यावर टाकून ठेवत, त्यातला ताण जाऊन पुढे ते वाकू नये म्हणून. वीस वर्षं सपाट राहिलेलं टेबल आणखी चाळीस वर्षं सपाट राहण्याचीच शक्यता जास्त. पण जाणकाराच्या लेखी वय वाढलं की किंमत कमी होते. हा नियम तो स्वतःला सोडून सगळ्यांना लावतो.

“तुम्हाला म्हणून मी भंगारवाल्याशी बोलतो,” जाणकार म्हणाले. “वजनावर पाच हजारांपर्यंत सुटतील.” चौदाशेवरून एकदम पाच हजार! वहिनींना जवळजवळ उपकृत वाटलं. अमेरिकेतला मुलगाही व्हिडिओ कॉलवर म्हणाला, “आई, देऊन टाक, जागा मोकळी होईल.” जागा मोकळी करून हवी असलेला मुलगा नेहमी आठ हजार मैलांवर असतो.

आता कुणाला वाटेल, हा माणूस लबाड आहे. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. वासे “सरपणाच्या लायकीचे आहेत, मीच उचलून नेतो, तुम्हाला त्रास नको” असं ते म्हणाले, तेव्हा तर खात्रीच पटली होती. पण जाणकाराचं दुखणं याहून खोल असतं. तो हातरंध्यांच्या फळीपाशी गेला की ते दिसतं. आमच्या जाणकारांनी एक रंधा उचलला, शेफील्डचा, मुठीवरचं लाकूड हाताच्या घामाने काळं पडलेलं. उलटा करून तळ डोळ्यासमोर उजेडात धरला, पात्याच्या धारेवरून अंगठा आडवा फिरवला, आणि त्यांचा चेहरा देवळात होतो तसा झाला. त्या रंध्याची किंमत त्यांना अगदी नीट माहीत होती. ती त्यांच्या ओठांपर्यंत आली. तेवढ्यात मागून सौ.नी कपात चमचा फिरवला. रंधा फळीवर परत गेला. “दीडशे,” जाणकार म्हणाले. “दोनशे, कुणी हौशी भेटला तर.”

गोम अशी की जाणकारांच्या स्वतःच्या माळ्यावर असेच रंधे आहेत. रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो. तिथून ते पिशवीत भाजीखाली रंधा घालून आणत, आणि घरी त्याची किंमत सांगत. ती किंमत शंभर असते, फार तर दोनशे. “लोकांना कळत नाही हो, भंगारात टाकतात.” या क्षेत्रातला प्रत्येक नवरा आपल्या बायकोला हेच सांगत आला आहे, आणि त्यांच्यात न ठरवता एकवाक्यता आहे. आता जाणकारांनी वहिनींसमोर खरा आकडा उच्चारला, तर तो बाजूला चहा पीत बसलेल्या सौ.ही ऐकणार. मग माळ्यावरच्या पिशव्या मोजल्या जाणार. तेव्हा दिवंगत मित्राचा रंधा मातीमोल ठरवण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. त्याला माणूस स्वसंरक्षण म्हणतो.

दिवंगत मित्रही काही निराळे नव्हते. पॉलिश पेपरच्या गठ्ठ्याखाली वहिनींना बिलं सापडली. नीट, तारीखवार, टाचणी लावून. माणूस शेवटी इंजिनिअर. खोटं बोलला तरी कागद जपून ठेवणारच. वहिनी एका बिलावर बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, “सोफ्याला पैसे नाहीत म्हणाले होते, तो हाच महिना.” आणि बिल परत टाचणीला लावून ठेवलं. रागवायला समोर माणूस लागतो.

जाणकाराच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. वहिनींच्या पुतण्याने मशीनचे फोटो मोबाइलवर विकायला टाकले, आणि अर्ध्या तासात एकाचा फोन आला: लष्करात आहे, बदली झाली, न बघताच घेतो, पैसे पाठवतो, फक्त हा चौकोनी कोड स्कॅन करून पिन टाका. वहिनींचा अंगठा पडद्यापर्यंत गेलाही होता. जाणकार खुर्चीतून असे उठले की चहा सांडला. “पैसे घ्यायला पिन लागत नाही, वहिनी! पिन लागतो तो द्यायला!” आणि फोन हिसकावून त्या जवानाला त्यांनी जे सुनावलं, ते ऐकून सौ.नीही त्यांच्याकडे आदराने पाहिलं. ही त्यांची खरी कमाई, आणि तिचं ते कधी कौतुक सांगत नाहीत. बेअरिंगचं मात्र अजून सांगतात.

खरी किंमत केली ती हडपसरकडून आलेल्या मिस्त्रींनी. मूळचे राजस्थानचे, फर्निचरचा स्वतःचा छोटा कारखाना. त्यांनी आल्याआल्या टकटक केली नाही. आधी पट्टा उतरवला, रंध्याचा दांडा हाताने फिरवून कान लावला, मग तो दोन्ही टोकांना धरून वरखाली हलवून पाहिला. हलला नाही. टेबलावर लोखंडी पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवली आणि खालून उजेड दिसतो का ते वाकून बघितलं. मग पट्टा परत चढवून म्हणाले, “लाइट चालू करा.” मशीन घुमलं. सागाचा एक तुकडा त्यांनी त्यावरून सरकवला, त्याच्या शेवटच्या टोकावरून बोट फिरवलं, आणि खोलीभर तो वास पसरला. वहिनी पदर नाकाशी धरून बाहेर जाऊन आल्या.

“मोटर मला बदलायला लागेल, ते धरून बावीस हजार,” मिस्त्री म्हणाले. “लाकूड वेगळं. हे जुनं सागवान आहे, घनफुटावर मोजून घेईन. सरपण कोण म्हणालं?”

कुणीच काही म्हणालं नाही. जाणकार छताकडे बघत होते.

मिस्त्री फळीपाशी गेले. शेफील्डचा रंधा उचलला, तळ उजेडात धरला, अंगठा आडवा फिरवला. अगदी तसाच. “असा हल्ली मिळत नाही. साडेचार हजार देतो.”

“मिस्त्री, तो किरकोळ आहे हो,” जाणकार घाईने म्हणाले. “दोनशेचा माल.”

“दोनशेला मिळाला तर दहा आणा काका, उभ्याउभ्या घेतो.”

सौ.नी कप खाली ठेवला. बशीवर नाही, टेबलावर. नवऱ्याकडे एकदाही न बघता त्या मिस्त्रींना म्हणाल्या, “जाताना जरा आमच्याकडे येऊन जा. शेजारचीच इमारत, दुसरा मजला. विकायचं काही नाही. नुसती किंमत कळली तरी पुरे.”